परीक्षेची वाट

सोलापूर शहर सपाटीवर वसलें आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ४५० मीटर भरते. परंतु ही उंची पठाराची, डोंगराची नव्हे. भोंवतालीं काळीं रानें, मुरमाड माळ, बाभळी आणि उथळ ओढे. ज्याला खरोखर चढ म्हणावें असा चढ उत्तरेस तुळजापूरच्या अंगाला, शहरापासून सुमारें ४५ किलोमीटरांवर, बालाघाटाच्या कडेशीं लागतो. अशा गांवांत डोंगरी सायकल घेणारा मनुष्य थोडा थट्टेचा विषय होतो, यांत नवल नाहीं. तरीहि जाड टायरांच्या, पुढच्या चिमट्यांत आणि क्वचित् मागच्या चाकाजवळहि दणके शोषणारी योजना असलेल्या सायकली आतां येथें अपूर्व राहिल्या नाहींत. आणि त्या घेणाऱ्यांची तक्रारहि बहुधा एकच असते. सायकल महाग घेतली, पण माळावर नेली कीं हात बधिर होतात, मागचें चाक उड्या मारतें, वळणावर पुढचें चाक सरकतें. मग कोणीतरी दुसरा, अधिक किंमतीचा चिमटा सुचवितो आणि घरांतील कर्त्या माणसाच्या कपाळावर आठी पडते.

हा खर्च पुष्कळदां टाळतां येण्यासारखा असतो. दोष यंत्रांत असतो त्यापेक्षां त्याच्या जुळणींत अधिक वेळां असतो. आणि जुळणी साधली कीं नाहीं हें ज्या वाटेवर पारखावयाचें, ती वाटच चुकीची निवडलेली असते.

दणके शोषणाऱ्या या योजनेला बाजारांत सस्पेन्शन म्हणतात, व तोच शब्द येथें पुरे. तिचीं कामें दोन. स्प्रिंग, मग ती पोलादाची असो वा नळींत कोंडलेल्या हवेची, दणका बसतांच दाबली जाते. पण दाबलेली स्प्रिंग तशीच उसळूं दिली तर स्वाराला घोड्याप्रमाणें उधळून टाकील. म्हणून तिला तेलाचा आवर असतो. तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि त्या अडथळ्यांत उसळीचा जोर उष्णता होऊन विरतो. दाबल्या जाण्याला पडणारा आवर तो कंप्रेशन आणि उलगडण्याला पडणारा तो रिबाउंड. चिमट्याच्या टोकांशीं असलेल्या लहान चकत्या फिरवून हे दोन्ही आवर कमीअधिक करतां येतात; प्रत्येक पायरीला एक खटका जाणवतो.

स्वस्त सायकलींच्या चिमट्यांत मात्र बहुतेक वेळां नुसती पोलादी स्प्रिंग असते, तेल नसतेंच. माथ्यावरील चक्री फिरवून ती स्प्रिंग आधींच थोडी दाबून ठेवतां येते, एवढेंच. अशा सायकलीच्या मालकानें वाटा धुंडाळण्यापेक्षां टायरांतील हवेकडे लक्ष द्यावें. डनलप यांनीं १८८८ सालीं ज्याचें पेटंट घेतलें तो हवेचा टायर हेंच सायकलीचें पहिलें आणि आजहि सर्वांत स्वस्त सस्पेन्शन होय.

डोंगरी सायकलीचा इतिहास पाहिला तर वाटेचें महत्त्व चटकन् ध्यानांत येतें. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत १९७६ च्या ऑक्टोबरांत कांहीं तरुणांनीं जुन्या, जड सायकलींवरून एक मातीचा उतार उतरण्याची शर्यत सुरू केली. सुमारें साडेतीन किलोमीटरांत ही वाट ४०० मीटर खालीं येते. तेवढ्या उतारावर मागच्या चाकाच्या हबमधील ब्रेक इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि खालीं पोहोंचल्यावर हब उघडून नवें ग्रीस भरावें लागे. म्हणून वाटेचें नांवच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हां भरा’, असें पडलें. चार्ली केली हा शर्यतीची व्यवस्था पाही आणि प्रत्येकाच्या वेळेची नोंद ठेवी. गॅरी फिशर ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरला, जो ब्रीझ ४ मिनिटें २४ सेकंदांत. पराक्रम म्हणून हे आंकडे सांगितले जातात, पण त्यांचा खरा उपयोग निराळाच झाला. उतार तोच, घड्याळ तेंच, बदलत गेली ती सायकल. कोणत्या फेरफारानें काय साधलें हें त्यामुळें झांकून राहिलें नाहीं. ब्रीझनें १९७७ सालीं या कामासाठीं मुद्दाम नवा सांगाडा घडविला. पुढें १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्सचा हवा-तेलाचा चिमटा बाजारांत आला, आणि १९९६ सालीं अटलांटा येथें डोंगरी सायकलींची शर्यत ऑलिंपिकांत दाखल झाली. या साऱ्या प्रगतीच्या मुळाशीं एकाच उतारावरून वारंवार केलेली ये-जा आहे.

सोलापूरकरांना ही रीत परकी वाटूं नये. मागावर कापड बिघडूं लागलें तर जाणता जॉबर ताण्याचा ताण, धोट्याची फेक आणि फणीचा ठोका यांना एकदम हात घालीत नाहीं. एक फेरफार करतो, वीतभर कापड विणूं देतो, बोटांनीं चाचपून पाहतो, मग दुसऱ्याकडे वळतो. आणि हें चाललें असतां तो सूत बदलीत नाहीं. सूत बदललें तर कापड सुधारलें तें कशानें, हें देवालाहि सांगतां यावयाचें नाहीं. सायकलीच्या बाबतींत सूत म्हणजे वाट.

नवशिका स्वार नेमकी येथेंच चूक करतो. चिमट्यांत दोन खटके फिरवून तो सायकल मोटारीवर टाकतो आणि घांटाकडे धांव घेतो. अवघड उतारावर परीक्षा झाली म्हणजे ती खरी, असा त्याचा समज असतो. पण अवघड उतारावर सायकलीची परीक्षा होत नसून स्वाराच्या धैर्याची होते. भीति वाटली कीं कोपरें ताठ होतात, बोटें ब्रेकवर आवळलीं जातात, चाक दर वेळीं निराळ्या दगडावरून जातें. दुसऱ्या फेरींत थकवा येतो, तिसरी फेरी होतच नाहीं. अशा एका उतरणीवरून काढलेला निष्कर्ष आणि छापा-कांटा यांत फारसें अंतर नसतें. म्हणून परीक्षेची वाट स्वाराच्या कुवतीपेक्षां थोडी सोपीच असावी. उतरण्यास २ ते ४ मिनिटें लागावींत, परत वर येण्यास सोपा रस्ता असावा, ती घरापासून जवळ असावी, आणि तीवरील प्रत्येक दगड ओळखीचा झालेला असावा. निसर्गशोभेचा येथें कांहीं संबंध नाहीं. कंटाळा येईल इतकी परिचित वाट हीच उत्तम वाट.

आतां अशी वाट सोलापूरच्या आसमंतांत कोठें काढावी? पहिला विचार जमिनीचा. येथील काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण या कामाला निरुपयोगी. पाणी लागलें कीं ती फुगते, टायरांना चिकटून चाक आणि चिमटा यांच्यामध्यें गच्च बसते. उन्हानें आकसते व तिला हात हात खोल भेगा पडतात. सकाळचा रस्ता संध्याकाळीं तोच राहील याची खात्री नाहीं. जी पट्टी स्वतःच आकसते-फुगते तिनें कापड मोजणाऱ्या दुकानदाराकडे कोणी दुसऱ्यांदां जाणार नाहीं. याच्या उलट, काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेला मुरूम. पाणी त्यांतून निथळतें, पृष्ठभाग आठवडेच्या आठवडे फारसा बदलत नाहीं, आणि मध्यें मध्यें पाषाणाचे गोटे डोकें वर काढून असतात. शहराबाहेर शेतांच्या उंचवट्यांवर आणि पडीक टेकाडांवर असा मुरूम हवा तितका आहे. परीक्षेची वाट मुरमावरच आंखावी.

दुसरा विचार नमुन्यांचा. एकाच फेरींत चार-पांच तऱ्हेचे दणके मिळाले पाहिजेत, आणि ते परस्परांत मिसळतां कामा नयेत.

आरंभ डांबरी रस्त्यावरच होतो. फुटपाथाच्या कडेवरून खोगिरावर बसूनच सायकल सावकाश खालीं घ्यावी. मागची स्प्रिंग दाबली जाऊन वर यावी, एकदां किंचित् डोलावी आणि स्थिर व्हावी. दोन-तीन वेळां डोलली तर रिबाउंड सैल आहे. चिखलांत रुतल्यासारखी हळूहळू वर आली तर घट्ट. ही कच्ची जुळणी झाली.

पुढचा नमुना पाणंदीचा. दोन शेतांमधील या जुन्या वाटांवर पूर्वीं बैलगाडीची चाकोरी असे, आतां ट्रॅक्टरनें ती रुंद केली आहे. मधल्या पट्ट्यांत मुठीएवढे दगड रुतलेले असतात. येथें लहान पण अखंड थरथर मिळते. हात बधिर होण्याची तक्रार येथेंच तपासावी, आणि ती तपासतांना आधीं टायरांतील हवा पाहावी. टायर दगडासारखे फुगवून ठेवणारे आणि दोष चिमट्याला देणारे स्वार थोडे नाहींत.

सर्वांत बोधप्रद नमुना मुरमाच्या रस्त्यावर चाकांनीं उठलेल्या लाटांचा. एकेका मीटरावर उंचवटा आहे आणि सायकल ताशीं १८ किलोमीटर वेगानें चालली आहे असें समजा. म्हणजे सेकंदाला ५ मीटर, आणि दर उंचवट्याला सेकंदाचा पांचवा हिस्सा. तेवढ्या वेळांत स्प्रिंग दाबली जाऊन पुरती उलगडली पाहिजे. रिबाउंड फार घट्ट असेल तर पहिल्या दणक्यांतून ती वर येते न येते तोंच दुसरा बसतो, मग तिसरा. चिमटा प्रत्येक वेळीं थोडा थोडा खालीं बसत जातो आणि अखेरीस त्यांत दबण्यास जागाच उरत नाहीं. हातांना तें कठीण लागतें. स्वार समजतो, स्प्रिंग कडक झाली. म्हणून तो हवा सोडतो. हवा सोडल्यानें चिमटा आणखी खालीं बसतो आणि हात अधिकच दुखतात. दुखणें उसळीचें आणि औषध हवेचें, असा हा प्रकार होतो. नवे चिमटे विकत घेतले जातात त्यांतील किती याच एका गैरसमजानें, हें सांगणें कठीण आहे. पण लाटांच्या रस्त्यावर रिबाउंड दोन खटके सैल करून पाहिल्यावांचून कोणी पैसे खर्चूं नयेत.

त्यानंतर ओढा. उन्हाळ्यांत कोरडे पडलेले येथील ओढे पाणंदींना कापीत जातात. एका कांठावरून वेगानें उतरून दुसऱ्या कांठावर चढतांना तळाशीं सायकल व स्वार दोघेहि जड होतात आणि सस्पेन्शन सावकाश, पण खोल दबतें. दगडाच्या ठोशापेक्षां हा भार निराळा. चिमट्याच्या नळीवर एक रबरी कडें असतें. तें किती वर सरकलें यावरून चिमटा किती दबला हें कळतें. सबंध फेरींतील सर्वांत मोठ्या दणक्याला तें टोकाच्या जवळ जावें, दर ओढ्याला टोकास भिडूं नये. बांधावरील उडी याच कसोटीला उपयोगी; मात्र बांध कोणाचातरी असतो. विचारल्यावांचून त्यावर चाक घालूं नये, आणि मृद्संधारणासाठीं टेकड्यांवर खणलेल्या समतल चरांच्या मातीवरून तर मुळींच जाऊं नये. तेथें अडलेलें पाणी पुढें गांवाच्या विहिरींना मिळावयाचें असतें.

एवढे नमुने एका दीड किलोमीटराच्या फेरींत सांपडले तर दूर जाण्याचें कारण नाहीं. एका स्थळाचा मोह मात्र निक्षून टाळला पाहिजे. शहराच्या उत्तरेस नान्नज येथील गवताळ माळ पाहिला कीं सायकलस्वाराला तो आपल्यासाठींच निर्मिला आहे असें वाटतें. १९७९ सालीं तो माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यांत घेतला गेला. माळढोक आतां दिसेनासा होत आला असला तरी जमिनीवर अंडीं घालणारे इतर पक्षी, काळवीट आणि लांडगे यांचें तें घर आहे. गवतांत चाकानें एकदां रेघ उमटली कीं तिच्यावरून दुसरा जातो, आणि महिन्याभरांत वाट होते.

वाट ठरली म्हणजे काम अर्धें झालें. उरलेलें अर्धें वहीचें आहे. प्रथम स्वार रोजच्या सरंजामासह सायकलीवर बसल्यावर सस्पेन्शन किती बसतें तें मोजावें. सोलापूरच्या उन्हांत बरोबर ३ लिटर पाणी घेणें कांहीं चैन नव्हे, आणि ३ लिटर पाणी म्हणजे ३ किलो वजन. तें घेऊनच मोजावें. पुढच्या चिमट्याच्या एकंदर चालीपैकीं पांचवा ते चौथा हिस्सा, मागें त्याहून थोडें अधिक, हा सामान्य अंदाज. १२० मिलिमीटर चाल असेल तर २५ ते ३० मिलिमीटर. मग पहिली फेरी नुसती अंग आणि तेल तापविण्यासाठीं. दुसरी व तिसरी फेरी नोंदीसाठीं. नंतर एकच फेरफार, तोहि दोन खटक्यांचा, आणि पुन्हां दोन फेऱ्या. सुधारणा वाटली तरी तेथें थांबूं नये. जुन्या जुळणीवर परत जाऊन एक फेरी करावी. पहिली खोड परत दिसली तरच सुधारणा खरी समजावी. बरोबर मित्र असेल तर आणखी एक युक्ति आहे. खटके त्यानें फिरवावेत, किंवा फिरविल्यासारखें करून तसेच ठेवावेत, आणि स्वाराला कांहीं सांगूं नये. आपल्या बोटांना कळतें असें ज्यांना वाटतें त्यांनीं ही परीक्षा एकदां अवश्य द्यावी. वहींत लिहिलेलीं मतें नंतर वाचतांना पुष्कळांना हंसूं येतें.

वेळहि एकच हवी, आणि येथें तर तिचें महत्त्व फार. हवेची स्प्रिंग असलेल्या चिमट्यांत सकाळीं २५ अंश उष्णमानांत दर चौरस इंचास १०० पौंड दाब भरला, आणि तीच सायकल मे महिन्यांत दुपारीं ४५ अंशांत उभी केली, तर हवा न भरतांच दाब सुमारें १०८ पौंडांवर जातो. उलट तेल तापून पातळ होतें, त्याचा आवर ढिला पडतो, आणि उसळी वाढते. सकाळीं साधलेली जुळणी दुपारीं बिघडलेली वाटते ती याच कारणानें. उन्हांत बंद मोटारींत सायकल कोंडून नेली तर हा फरक त्याहूनहि मोठा होतो. म्हणून सर्व फेऱ्या सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत उरकाव्यात. उंचीचा परिणाम मात्र नगण्य आहे. सोलापूर आणि तुळजापूर यांच्या उंचींतील फरकानें दाबांत अर्ध्या पौंडाचाहि फेर पडत नाहीं.

तुळजापूरकडील डोंगरउतार हे सर्वांत शेवटीं, जुळणी वहींत पक्की झाल्यावर. तेथें एखाददुसरा खटका इकडे-तिकडे करावा लागेल, पण नव्यानें आरंभ करण्याची पाळी येऊं नये. घांटाचा डांबरी रस्ता ही परीक्षेची जागा नव्हे. तो अवजड वाहनांचा राजमार्ग आहे. कोजागरीच्या सुमारास तर सोलापुराहून आईच्या दर्शनाला पायीं जाणाऱ्या भाविकांची तेथें रात्रंदिवस रीघ लागते. त्या दिवसांत सायकल घरींच ठेवावी.

ज्वारीची काढणी झाल्यावर, म्हणजे साधारण फाल्गुनापासून, माळावरच्या वाटा कोरड्या व स्थिर असतात आणि हाच या कामाचा हंगाम. तेव्हां शेताच्या कडेनें जातांना धसकटांकडे आणि सराट्याच्या कांट्यांकडे पाहून जावें. अर्धी हवा गेलेल्या टायरावर केलेली नोंद वहींत राहिली तर पुढचे आठ दिवस फसवीत राहते. मृगाचा पहिला पाऊस झाला कीं लाटा विरतात, ओढ्याचा कांठ ढासळतो, नवे गोटे उघडे पडतात. त्यानंतर वाट एकदां पायीं चालून पाहावी, वहींत कोरें पान काढावें, आणि जुन्या आंकड्यांशीं नव्यांची तुलना करूं नये.